उसनं विरजण

वृषालीताई बर्वे यांना करंजगडातली झाडून सगळी शाळकरी मुलं ओळखत होती, आणि एक माकडीण ओळखत होती. मुलं ओळखायची ते ठीकच, तो त्यांच्या नोकरीचा भाग होता. माकडिणीची ओळख मात्र त्यांनी दोन वर्षं जगापासून लपवून ठेवली होती.

नोकरी कसली, ते आधी सांगायला हवं. करंजगड शहर भैरोबाची टेकडी चढत गेलं आणि टेकडीवरची माकडं खाली उतरत आली. आधी देवळाच्या पायरीवर, मग गाड्यांच्या टपावर, मग सरळ लोकांच्या ओट्यावर. येणारा-जाणारा केळं द्यायचा, बिस्किटं द्यायचा आणि वर फोटो काढायचा. शेवटी २०३६ साली कायदा झाला: शहराच्या हद्दीत कुठल्याही रानातल्या जिवाला खायला घालायचं नाही. त्यासाठी पालिकेत वन्यजीव कक्ष निघाला आणि शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून वृषालीताई तिथे लोकशिक्षणाचं काम बघू लागल्या.

हे काम त्यांच्या अंगात भिनलं. हातात कापडाचं माकड घालून त्या वर्गात शिरल्या की पोरं बाकांवर उभी राहायची.

"याला बिस्किट दिलं तर काय होईल?" ताई विचारायच्या.

"तो खूश होईल!" वर्ग ओरडायचा.

मग ताई सांगायच्या, की हो, खूश होईल आणि उद्या परत येईल. परवा चार भावंडांना घेऊन येईल. त्याच्या पिल्लांना उंबर कुठे पिकतो ते कधी कळणारच नाही, कारण त्यांना तुमची खिडकी सापडलेली असेल. आणि एक दिवस तुम्ही गावाला गेलेले असाल, खिडकी बंद असेल, तेव्हा तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हातातला खाऊ ओढेल. "बाळांनो, खाऊ घालणारा हात एकाचा असतो आणि चावा बसतो दुसऱ्याच्याच हाताला." हे वाक्य त्यांनी स्वतः रचलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची: खाऊ आमचा, रान त्यांचं. शपथेला एक पुरवणीही होती. माकडाला नाव द्यायचं नाही. एकदा नाव दिलं की घास द्यायचा मोह आवरत नाही.

वृषालीताईंच्या माकडिणीचं नाव ठकू होतं.

ते झालं असं. ताईंनी लग्न केलं नव्हतं. आईचं आजारपण आणि शाळा यातच त्यांची वर्षं सरली. आई गेल्या तेव्हा घरात त्यांची म्हणावी अशी एकच जिवंत वस्तू मागे राहिली, ती म्हणजे विरजण. साठ वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून येताना त्यांनी ते माहेरून वाटीत आणलं होतं. तेव्हापासून आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला, असं ते एक दिवसही न मोडता चालत आलं. विरजण मोडू द्यायचं नाही आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, असे त्यांचे दोन दंडक होते. रोज दुपारी जेवणाआधी त्या दहीभाताची मूद घराला लागून असलेल्या सोसायटीच्या गच्चीच्या कठड्यावर ठेवायच्या, रिकाम्या वाटीवर चमचा तीनदा वाजवायच्या आणि कावळे यायचे.

आता एकट्या बाईला दही लागतं किती? वाटीभर दूध विरजलं असतं तरी चाललं असतं. पण ताईंचा हात रोज आईच्याच पातेल्याकडे जायचा. दही उरायचं, टाकवायचं नाही, मग ते भातात कालवून कठड्यावर, आणि वाटीवर चमचाही आईसारखाच तीनदा. काही दिवस कावळे आले. एका दुपारी कावळ्यांना हुसकून डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली एक म्हातारी माकडीण आली. तिने मूद खाल्ली आणि पळून न जाता तिथेच बसून राहिली. ताईंनी पहिल्या दिवशी तिला हाकललं, दुसऱ्या दिवशी हाकललं. तिसऱ्या दिवशी नाही हाकललं. सकाळभर शाळांतून घसा फोडून घरी यावं आणि कुणीतरी आपली वाट बघत बसलेलं असावं, याची त्यांना चटक लागली. हे काही खायला घालणं नव्हे, हा आईचा नैवेद्य आहे, असं त्या मनाला बजावायच्या. मन काही इतकं बावळट नव्हतं. गच्चीचं जिन्याकडचं दार त्या कडी लावूनच घ्यायच्या, त्यातच काय ते आलं.

मार्चमध्ये ताई विरजण फ्रिजमध्ये जपून ठेवून पाच दिवस नागपूरला गेल्या. कशाला, तर माकडांना खायला का घालू नये हे लोकांना कसं पटवावं, याचे धडे इतर शहरांच्या कर्मचाऱ्यांना द्यायला! इकडे ठकू चार दुपारी रिकाम्या कठड्यावर बसून राहिली. पाचव्या दुपारी ती एक मजला खाली उतरली.

खालच्या मजल्यावर मयूरी सुतारचं पाळणाघर होतं. मुलांचे ओले कपडे वाळत घालायला तिने गॅलरीचं दार उघडलं होतं आणि आत सात मुलं दहीभात खात बसली होती. मयूरीच्या दह्याचं विरजण तीन वर्षांपूर्वी बर्व्यांकडूनच गेलेलं. ती वाटी घेऊन दारात आली होती आणि आईंनी दोन चमचे घातले होते. तेव्हा वास तोच, चव तीच. ठकूने अडीच वर्षांच्या ओवीची वाटी धरली. ओवीने ती सोडली नाही. मनगट फाटलं, ऑपरेशन करावं लागलं, आणि त्या हाताची मूठ पुन्हा नीट वळेल की नाही हे डॉक्टर सांगेनात.

परतल्या दिवशी जिन्यातच ताईंना हे कळलं. हातातली बॅग खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

*

कक्षाकडे एक यंत्र होतं. कागदोपत्री त्याचं नाव 'मागोवा' असं होतं आणि गावात त्याला 'चोंबडं' म्हणत. दिसायला जेवणाच्या डब्याएवढं. त्याचा शोध लावणाऱ्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली होती. घरच्या दह्यात जिवाणूंचे कितीतरी प्रकार नांदत असतात आणि त्यांचं मिश्रण प्रत्येक घरी वेगळं असतं. दूध कुठलं, भांडं कसलं, घरात ऊब किती, कालवणारा हात कुणाचा, यावर ते ठरतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. यातले चिवट जिवाणू प्राण्याच्या पोटातूनही जिवंत पार होतात. माकडाच्या विष्ठेतला कण यंत्रात घालायचा. यंत्र त्या जिवाणूंची जनुकं वाचतं आणि पाऊण तासात सांगतं, की हे दही अमक्या स्वयंपाकघरातलं. त्यासाठी टेकडीकाठच्या सगळ्या घरांतल्या दह्याचे नमुने आधीच्या हिवाळ्यात नोंदवून घेतले होते. दारोदार फिरून ते गोळा करण्यात वृषालीताईच पुढे होत्या. कर्मचाऱ्यांच्या घरचे नमुने सगळ्यांत शेवटी घ्यायचं ठरलं होतं आणि ते अजून राहिलेच होते.

यंत्र हुशार होतं. पण ते बनवणाऱ्यांपैकी कुणी कधी हातात वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला गेलं नसावं.

"जुळलं," डॉ. इंगवले म्हणाले. कक्षाचे हे शास्त्रज्ञ पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. मयूरीच्या हॉलमध्ये ते लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसले होते. दारात सोसायटीची माणसं जमली होती आणि भिंतीला टेकून ओवीची आई उभी होती. "गच्चीवर सापडलेल्या विष्ठेतलं दही आणि सुतारबाई, तुमच्या घरचं दही. सत्त्याण्णव टक्के."

"अहो, पण मी कशाला घालू माकडाला?" मयूरीचा आवाज चिरकला. "सात लेकरं असतात ओ माझ्या घरात! मला कळत नाही का?"

"मला स्वतःला हा आकडा जरा खटकतो," इंगवले म्हणाले. "अगदी त्याच घरचं असेल तर नव्व्याण्णवच्या वर जायला हवं. एकाच विरजणाची दोन घरं झाली, की दोन-तीन वर्षांत एवढा फरक पडतो. पण कायद्याने पंचाण्णव पुरतात. विरजण कुठून आणलं होतंत तुम्ही?"

"ह्या ताईंच्या आईंकडनं."

सगळ्या माना वृषालीताईंकडे वळल्या. इंगवल्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"मग सोपं आहे की! बर्वे मॅडम, तुमच्या घरचा नमुना तसाही राहिलाय. आत्ताच घेऊन टाकू. तुमचा संशय नाही हो, पण शेजारीपाजारी आणखी कुणाकडे ते विरजण गेलंय का, ते शोधायला धागा मिळेल."

एवढं सरळ होतं. चार पायऱ्या चढायच्या आणि फ्रिजमधला चिनीमातीचा सट आणून द्यायचा. ताईंना डोळ्यांसमोर वर्तमानपत्र दिसलं, वर्गांतली बाकं दिसली, नागपूरला टाळ्या वाजवणारे लोक दिसले. ओवीच्या आईकडे त्यांनी पाहिलं नाही.

"माझ्याकडे दही लावणं बंद झालं, सर," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून. पिशवीचंच आणते."

खोटं इतकं सहज बाहेर पडलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मयूरीने झटकन वर पाहिलं. आदल्याच पंधरवड्यात ती ताईंकडे कढी जेवून गेली होती. सटातलं घट्ट दही तिने स्वतःच्या हाताने घुसळलं होतं. तिचे ओठ हलले. ताईंची आणि तिची नजर क्षणभर भिडली, आणि मग मयूरी खाली वाकून जमिनीवर पडलेली लाकडी चाकं वेचू लागली.

*

घरी येऊन ताईंनी दाराला कडी घातली आणि फ्रिज उघडला. सटात सकाळीच लागलेलं दही होतं, वर सायीचा पिवळसर थर. त्यांनी सट मोरीत पालथा केला. दही लगेच पडेना, म्हणून पळीने खरवडून काढलं. नळ सोडला. मग पाणी उकळून सटात ओतलं, पुन्हा उकळून ओतलं, पळी, पातेलं, चमचे, सगळं उकळलं. मोरीत फरशी पुसायचं औषध ओतलं. साठ वर्षं जे एक दिवस मोडलं नव्हतं, ते दहा मिनिटांत मोडलं.

हे आईचं होतं, असा विचार त्यांच्या मनात तेव्हा आलाच नाही, ही त्यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट. तेव्हा त्या फक्त पुरावा धूत होत्या. आई आठवल्या त्या नंतर, रिकामा सट पालथा घालताना. मग मात्र त्या मोरीच्या कट्ट्याला धरून उभ्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कक्षाचा माणूस नमुन्यासाठी आला तेव्हा फ्रिजमध्ये पिशवीचं दही होतं. त्याने ते नोंदवलं आणि सह्या घेतल्या.

मयूरीच्या पाळणाघराला टाळं लागलं. पंधरा दिवसांनी सुनावणी होती आणि तिच्यात गुन्हा शाबीत झाला, तर टेकडीकाठच्या पट्ट्यात दहा वर्षं मुलं सांभाळायला बंदी होती. हत्ती-घोड्यांची चित्रं असलेला तिचा फलक सोसायटीने उतरवून जिन्याखाली ठेवला. बायका तिला पाहून लिफ्ट सोडून जिन्याने जायच्या. वृषालीताईही जिन्यानेच जायच्या, कारण लिफ्टमध्ये ती भेटली असती तर?

ठकू दुपारी यायची. ताई स्वयंपाकघराची खिडकी बंद करून आत बसायच्या. कठड्यावर नखं घासल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा. ओवीला चावणारी माकडीण म्हणून कक्षाने गच्चीवर पिंजरा लावला होता, पण त्यात ठेवलेल्या केळ्यांकडे ती ढुंकूनही बघत नव्हती. म्हातारी पक्की होती. तिला ठरलेल्या माणसाच्या हातचंच हवं होतं.

आणि मग कक्षाचा हुकूम आला, की शाळांच्या कार्यक्रमात तुमच्याच निसर्गछाया सोसायटीतला प्रसंग घ्या, ताजा आहे, मुलांच्या मनावर ठसेल.

ताईंनी तो घेतला. घेतला हो! टेकडीखालच्या शाळेत, चौथीच्या वर्गात, हातात कापडाचं माकड घालून त्यांनी सांगितलं, की एक बाई होती, तिला वाटलं थोडंसं दिलं तर काय होतंय, आणि एका लहान मुलीच्या हाताचं काय झालं पाहा. बोलता बोलता त्यांना जाणवलं, की वर्ग त्यांच्याकडे बघतच नाहीये. सगळी मुलं मागच्या बाकाकडे वळून बघत होती. तिथे गार्गी बसली होती, मयूरीची मुलगी. ताईंच्या घरात लहानाची मोठी झालेली, त्यांना वृषालीमावशी म्हणणारी. या शाळेत, याच वर्गात ती आहे, हे ताई विसरल्याच होत्या.

गार्गी रडली नाही. शपथेची वेळ आली तेव्हा तिने सगळ्यांसारखा हात पुढे केला आणि ताईंकडे बघत मोठ्याने म्हटलं, "खाऊ आमचा, रान त्यांचं."

ताईंनी कापडाचं माकड हातातून काढलं. त्यांना तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

"सर, ठकूला मी खायला घालत होते," इंगवल्यांच्या टेबलासमोर उभं राहूनच त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या माकडिणीला. दोन वर्षं. मयूरीचा काही संबंध नाही."

इंगवल्यांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते ताईंना रागापेक्षाही जड गेलं. तो आदर होता.

"बसा, मॅडम. शेजारणीसाठी एवढं करायला निघालात तुम्ही. मोठं मन लागतं."

"सर, मी खरं सांगतेय!"

"मग नमुना द्या."

"मी ओतून टाकलं सगळं. भांडी उकळली."

"बघा, म्हणजे पुरावा नाहीच." ते हळूच हसले. "आणि नुसती कबुली कायद्याला चालत नाही, तुम्हाला माहितीये. पहिल्या वर्षी मालकांच्या जागी मोलकरणी कबुली देऊ लागल्या, म्हणून तर ते कलम घातलं. मी समजू शकतो, तुमचा जीव तुटतोय. पण अशानं ती सुटणार नाही."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सोसायटीत पोचली. अध्यक्षांनी जिन्यात गाठून हात जोडले. म्हणाले, ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. ताईंना त्यांच्या हाताला धरून सांगावंसं वाटलं, की अहो, थुंका माझ्यावर. पण ते पुढे निघूनही गेले.

खालच्या मजल्यावर मयूरी दारातच उभी होती. तिनेही ते ऐकलं होतं.

"मयूरी, मी सांगितलं गं त्यांना," ताई म्हणाल्या. "त्यांना पटत नाही."

"मला तर आधीपासून ठाऊक होतं, ताई. कपडे वाळत घालायला गेले, की वर वाटी वाजलेली ऐकू यायची." मयूरीचा आवाज शांत होता. "त्या दिवशी सगळ्यांसमोर मी बोलले असते, तर तुमच्यासमोर माझं कुणी खरं मानलं असतं? म्हटलं, ताई स्वतःच बोलतील. आज बोलतील, उद्या बोलतील. रोज तुमच्या पावलांचा आवाज ऐकत बसले होते मी."

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

ताई दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. वाटी ऐकू यायची, असं मयूरी म्हणाली होती. पुरावा होता. मोरीत ओतता न येणारा, उकळून न मरणारा पुरावा शिल्लक होता. तो दोन बोटं तुटलेला पुरावा कुठल्या पिंजऱ्यात सापडत नव्हता, आणि दिला तर त्याचं काय होईल हेही त्यांना माहीत होतं. वर्षानुवर्षं त्यांनीच मुलांना सांगितलं होतं, की माणसाला चावलेलं माकड जन्मभरासाठी पिंजऱ्यात जातं, आणि म्हातारं असेल तर तिथे फार दिवस काढत नाही.

जिन्यातूनच त्यांनी इंगवल्यांना फोन लावला. "उद्या दुपारी साडेबाराला गच्चीवर या, सर. पकडणाऱ्या माणसांना घेऊन या. नमुना देते."

*

गच्चीवर उन्हाचा कडाका होता. इंगवले, टाकीमागे लपलेली पकडणारी दोन माणसं, अध्यक्ष, मयूरी, आणि पट्टीत गुंडाळलेला हात गळ्यात अडकवलेल्या ओवीला कडेवर घेऊन तिची आई. ताईंनी त्यांना जिन्याच्या दारापाशी सावलीत उभं केलं. इंगवल्यांनी कॅमेरा लावला. ते शास्त्रज्ञ होते, त्यांना रीतसर पडताळा हवा होता.

"आधी सुतारबाई वाजवतील," ते म्हणाले.

मयूरीने कठड्यापाशी जाऊन वाटीवर चमचा तीनदा वाजवला. सगळे थांबले. दोन कावळे आले, फिरून गेले. शेजारच्या आंब्यात पान हललं नाही. दहा मिनिटांनी इंगवल्यांनी मान हलवली आणि मयूरी मागे आली.

मग वृषालीताई गेल्या. त्यांच्या हातात आईंची वाटी होती, रिकामी. त्यांनी चमचा वाजवला. एकदा, दोनदा. मग तिसऱ्यांदा.

येऊ नकोस, असं त्या मनात म्हणत होत्या. आणि तितक्याच कळकळीने, ये.

आंब्याची फांदी खाली झुकली. ठकू कठड्यावर उतरली. चार पावलं चालून ताईंच्या पुढ्यात आली आणि बसली, जशी दोन वर्षं बसत आली होती तशीच. माणसांकडे तिने एकदा पाहिलं, पण ताई होत्या ना तिथे. ती वाटीत डोकावली. वाटी रिकामी आहे हे बघून तिने वर ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो तुटक्या बोटांचा हात तिने ताईंच्या मनगटावर ठेवला आणि थांबली.

टाकीमागून फुंकनळीतली भुलीची सुई सुटली आणि तिच्या मांडीत बसली. ठकू दचकली. आता ती उडी मारून पळेल, असं सगळ्यांना वाटलं. ती पळाली नाही. घाबरून ती ताईंच्याच पदराला बिलगली. चिरक्या आवाजात ओरडत तिने दोन्ही हातांनी त्यांची साडी घट्ट धरली, आणि पकडणाऱ्यांनी एकेक बोट सोडवेपर्यंत ती धरून होती.

ताईंनी मान वर केली तेव्हा ओवीची आई समोर होती.

"माझी थोरली तुमची शपथ घेऊन आली होती घरी," ती म्हणाली. "फ्रिजवर चिकटवलीये आम्ही."

ओवी पट्टी नसलेला हात पुढे करून त्या झोपलेल्या माकडिणीकडे बोट दाखवत होती. तिच्या आईने तो हात खाली घेतला आणि दोघी जिना उतरून गेल्या. अध्यक्ष आपल्या चपलांकडे बघत होते. इंगवल्यांनी कॅमेरा बंद केला, आणि या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर आदर नव्हता.

*

मयूरीचा फलक पुन्हा लागला. ताईंची नोकरी गेली आणि कायद्यातली शिक्षाही झाली: ज्या ज्या शाळांत शपथ दिली, तिथे तिथे जाऊन आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. अशा एकोणीस शाळा झाल्या. बहुतेक ठिकाणी मुलं गप्प बसायची. एका शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "ठकू आता कुठे आहे?" तोवर ठकू मेली होती. पिंजऱ्यात तिने तीन आठवडे काढले, कुणाच्या हातचं खाल्लं नाही. ताईंनी तेही सांगितलं.

ऑगस्ट उजाडला तेव्हा एका सकाळी वृषालीताई आईंची वाटी घेऊन एक मजला खाली उतरल्या. आतून मुलांचा गलका ऐकू येत होता. घंटीवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. आयुष्यात त्या कुणाच्या दारी विरजण मागायला गेल्या नव्हत्या. त्यांच्या घरून ते जायचं.

मयूरीने दार उघडलं. तिने ताईंकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि काही न विचारता वाटी घेऊन आत गेली. परत आली तेव्हा वाटीत दोन चमचे दही होतं. सायीचा तोच पिवळसर रंग, वास तोच. सत्त्याण्णव टक्के. ताईंचे डोळे भरून आले.

मयूरीने वाटी पुढे केली, पण लगेच सोडली नाही.

"ताई, पुन्हा पातेलंभर लावाल," ती म्हणाली. "मग उरेल त्याचं काय करणार?"

वाटी दोघींच्या हातात होती. ताईंना मान वर करवेना.

"वाटीभरच लावेन गं," त्या म्हणाल्या. "आणि उरलं, तर मीच खाईन."